चारी चाकं सारखी

नाईकांच्या खाकी शर्टाच्या डाव्या खिशात नेहमी खडू असे. पेन नसे, विडीबंडल नसे, खडू. रस्त्याकडेला कुठलीही जीप उभी दिसली की ते आमची गाडी थांबवत, "एक मिनिट, डाक्टरसाब," म्हणून उतरत आणि त्या परक्या गाडीच्या चाकांशी उकिडवे बसत. टायरची नक्षी किती खोल उरली आहे ते बोटाच्या पेरानं बघत. चारी चाकं बघून झाली की कमी झिजलेल्या टायरवर एक रेघ, जास्त झिजलेल्यावर दोन किंवा तीन रेघा ओढून परत येत. मालक जवळपास असला तर त्याला त्या रेघांचा अर्थ सांगत. नसला तर रेघा तशाच सोडून निघत. तो बापडा परत आल्यावर आपल्या गाडीवर कुणी करणी केली की काय, म्हणून हादरत असणार.

मी तेव्हा पाटण तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रावर डॉक्टर होते आणि ते केंद्राच्या जीपचे ड्रायव्हर. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. यजमान माधवनगरच्या एका गिरणीत सुपरवायझर होते आणि दोन वर्षांची मुलगी तिकडेच सासूबाईंपाशी होती. मी महिन्यातून एकदा जाई. तिकडं बदली मिळावी म्हणून मी वर मागणी करून ठेवली होती. मुलगी मला 'डॉक्टरबाई' म्हणू लागली होती, कारण घरात माझा उल्लेख तसाच होई. हे आधी सांगून ठेवते. पुढं मी जे केलं त्याला हे कारण होतं. समर्थन म्हणून सांगत नाही.

नाईक हे त्यांचं आडनाव नव्हे, लष्करातला हुद्दा. साताऱ्याकडं लष्करातनं परत आलेला कुणीही मेजरच असतो. गाव त्यांनाही 'मेजर' म्हणे. पण ते दर वेळी, अगदी दर वेळी, दुरुस्त करत. "मेजर साहेब येगळा आसतो. मी नाईक हाय. नाईक म्हनून गेलो, नाईक म्हनूनच पेन्शनीत आलो." कंपाउंडर मुद्दाम दिवसातनं दहादा मेजर म्हणे आणि ते दहादा दुरुस्त करत, न चिडता, जणू पहिल्यांदाच सांगतायत. म्हणून मी पहिल्या दिवसापासून त्यांना नाईकच म्हटलं.

अंगानं वाळके, उंच, कानांवर केस. एका चपलेचा अंगठा तुटला की दोन्ही चपला टाकून नवा जोड घेत. चांभार म्हणे, दुसरी धडधाकट आहे की. त्यावर यांचं उत्तर, "ती धडधाकट हाय म्हनूनच. जुनी न् नवी एका मानसाच्या पायात घातली तर मानूस वाकडा चालनार. गुडघा माझा हाय, तुझा न्हाई." केंद्रामागच्या खोल्यांत ते, त्यांची बायको आणि हायस्कुलात जाणारा मुलगा असे राहत. बायको मला एकदा म्हणाली, "आवं बाई, ह्येंनी माझ्या जोडव्यांचंबी माप काढलंया. एक झिजलं व्हतं, तर म्हनत्यात दोनी बदल, न्हाईतर चालताना पाय वढतो." हसायला येई तेव्हा. मीही हसले होते.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी गाडी मिळत नसे. त्या दिवशी नाईक पाचही टायर, म्हणजे स्टेपनी धरून, उतरवत आणि आलटूनपालटून बसवत. पुढचं मागं, मागचं स्टेपनीला, स्टेपनी पुढं. प्रत्येकावर खडूनं आकडा. बाह्यरुग्ण विभागातली निम्मी माणसं माझ्याकडे पाठ करून तो सोहळा बघत बसत. मग ते बँडेजच्या पट्टीनं गाडीला बसलेल्या चारी टायरांचा घेर मोजत आणि पट्टीला गाठ मारत. चारी गाठी एका ठिकाणी आल्या की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते मी सुखरूप बाळंतपणानंतरही फार कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. बँडेजची नासाडी करता म्हणून मी एकदा ओरडले. त्यांनी शांतपणे मला जीपपाशी नेलं आणि आतले दोन दांडे दाखवले.

"ह्यो मोठा दांडा गिअरचा. आनि ह्यो बारका, फोरविलचा. बारका टाकला की इंजिन चारी चाकं वढतं. पुढची न् मागची एकमेकाला बांधली जात्यात. समजा मागची टायरं नवी, पुढची झिजल्याली. झिजल्यालीचा घेर कमी. मग तेवढाच रस्ता काटायला तिला जास्ती फेरं घ्यावं लागत्यात. मागचं चाक म्हनतं, माझं शंभर फेरं झालं. पुढचं म्हनतं, माझं एकशेतीन. आनि दोगं तर एकाच दाव्याला बांधल्यालं. मग मधी पीळ बसतो."

"मग चिखलातनं कशी चालते?"

"चिखलात चाक घसरतं. घसरलं की पीळ सुटतो. कातळावर, डांबरावर घसरायला जागा न्हाई. पीळ आतल्या आत वाढत जातो. बारका दांडा आडकून बसतो, निघता निघत न्हाई. मग आतलं कायतरी तुटतं." बारक्या दांड्यावर हात ठेवून म्हणाले, "म्हनून बदलायची तर चारी बदला. न्हाईतर एकबी बदलू नका."

त्यांचं हे वेड कुठून आलं ते मला एकदाच कळलं. लसीची पेटी घेऊन आम्ही एका वाडीवरून परतत होतो आणि जांभळाखाली भाकरी खायला थांबलो होतो. मी सहज विचारलं, लष्करात कुठं कुठं होता? त्यांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं. सिक्कीमकडच्या डोंगरात त्यांची गाड्यांची तुकडी होती. एका गाडीला चार टायर पाहिजे होते, आले दोन. साहेब म्हणाला, दोन लाव. यांनी लावले. तिसऱ्या दिवशी ती गाडी दरीत गेली.

"चौघं व्हती आत," ते म्हणाले. "मी नव्हतो. मी खाली दुसरी गाडी धूत व्हतो."

 त्यांनी उरलेली भाकरी फडक्यात बांधली. "मला कुनी काय म्हनलं न्हाई. हुकूम व्हता. पर तवापास्नं मी हुकूम कागदावर मागतो."

हा त्यांचा स्वभाव वरच्या लोकांना भयंकर जाचे. तोंडी काही सांगितलं की, "लिवून द्या, साब." पंचायत समितीचे एक पुढारी एकदा लग्नाला जीप मागायला आले. "लिवून द्या की लग्नाला पायजे म्हनून." पुढारी निघून गेले, ते माझी तक्रार करूनच. मला तेव्हा नाईकांचा राग आला होता. त्या सरळ माणसाच्या सरळपणाचा त्रास नेहमी शेजारच्यालाच होतो, असं मी त्या काळी यजमानांना लिहिल्याचं आठवतं.

तर टायर. जीपचे टायर झिजून गुळगुळीत झाले, मागचा एक बाजूनं फाटला आणि स्टेपनीही त्याच लायकीची उरली. मी चार टायरांची मागणी केली, ती आठ महिन्यांनी मंजूर झाली आणि सांगलीच्या वर्कशॉपमधनं माल उचलायचा निरोप आला. मीही नाईकांबरोबर गेले. माधवनगर हाकेवर होतं. मुलीपाशी दोन तास काढून मी वर्कशॉपात परत आले, तरी यांचं काम चालूच होतं. अकरा नवे टायर ओळीनं मांडून एकेकाला खडूची खूण करून फरशीवरून एक एक फेरा लोळवत होते. स्टोअरकीपर कपाळाला हात लावून बसला होता.

"आवं मेजर, नवी टायरं समदी सारखीच आसत्यात!"

"नाईक," नाईक म्हणाले. "आनि सख्खं भाऊबी सारखं नसत्यात."

अकरांतून त्यांनी चार निवडले. परतीच्या वाटेवर ते गुणगुणत होते. मी त्यांना त्याआधी कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं, पुढं तर प्रश्नच आला नाही.

नियम असा होता की आलेला माल आधी साताऱ्याला दाखवायचा. मला कराडला उतरवून ते साताऱ्याला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले तेव्हा जीपमध्ये दोनच टायर होते.

"बाकीचे?"

"साहेबांच्या गाडीला लागलं." ते पायरीवर बसले. "माझ्याच हातनं बसवून घेतलं."

आमच्या जिल्ह्याच्या साहेबांची दौऱ्याची जीप होती, तीही तसलीच. पण ती डांबरावरून खाली कधी उतरत नसे. तिचा बारका दांडा बहुधा कारखान्यातून निघाल्यापासून कुणी हलवलाही नसावा. तिला चांगले टायर का हवेत, तर साहेबांच्या पत्नी शनिवारी महाबळेश्वरला जात.

नाईकांनी ते दोन टायर गाडीला लावायला नकार दिला. चार येतील तेव्हा लावू, तोवर गाडी उभी राहील. साताऱ्याहून चिठ्ठी आली: गाडी बंद ठेवता येणार नाही, तूर्त मागे दोन बसवावीत, उरलेली यथावकाश मिळतील. हे लेखीच होतं. पण सही साहेबांची नव्हती, हेडक्लार्कची होती. नाईकांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि टायर बसवले. मग बँडेजची पट्टी घेऊन त्यांनी फोरविलचा बारका दांडा सीटच्या पायाला आवळून बांधला, तीन गाठी मारून.

"डांबरावर, सडकंवर कुटंबी नेतो," मला म्हणाले. "डोंगरावर न्हाई. ह्यो सोडायचा न्हाई."

त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून एक अर्ज लिहून घेतला. ते सांगत होते, मी लिहीत होते. एकाच गाडीस पुढे झिजलेली व मागे नवी टायरे बसविल्यास चारचाकी जोडणीत बिघाड होऊन अपघात संभवतो, तरी उर्वरित दोन टायरे त्वरित मिळावीत, तोपर्यंत गाडी डोंगरी रस्त्यावर नेऊ नये. खाली त्यांची मोठी, लहान मुलासारखी सही. मी माझा शेरा मारून तो वर पाठवायचा होता. त्या आठवड्यात साहेब तपासणीला आले. मी अर्जाचा विषय काढला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि हसून म्हणाले, "बाई, असले कागद वर पाठवायचे नसतात. तुमच्या बदलीचा कागद माझ्याकडेच आहे ना? एका वेळी एकच कागद पुढं सरकतो."

अर्ज माझ्या टेबलाच्या खणात राहिला.

श्रावणातली गोष्ट. तीन-चार दिवस पाऊस धरला होता. सकाळी साडेसातला दोन माणसं भिजून चिंब अशी केंद्रावर आली. वरच्या वाडीवरची हौसा नावाची बाई कालपासून अडली होती आणि बाळाचा हात बाहेर आला होता. आलेल्यांपैकी एक तिचा नवरा. हात बाहेर आला म्हणजे मूल आडवं. तिथं सुईण काही करू शकत नाही, मीही नाही. तिला कराडला ऑपरेशनला नेणं एवढाच इलाज. वाडी डांबरापासून पाच मैल वर, वाट कधी चिखलाची, कधी उघड्या कातळाची.

नाईक बांधलेल्या दांड्याकडं बघत म्हणाले, "डाक्टरसाब, गाडी मी डांबरावर उभी करतो. एका मानसाला वर पिटाळा. डोली करून तिला खाली आनूद्यात. तुमी निम्म्या वाटंपत्तर चालत जावा. खाली आली की तिथनं कराड मी तासात गाठतो. माझी जबाबदारी."

"डोलीला तीन तास लागतील. शिवाय हा वर जाईपर्यंत दीड तास. बाई मरेल, नाईक."

"वर गाडी जाईल. चढताना कातळ लागला तर मागं सरकून पीळ काढता येतो. उतरताना कातळ लागंल तवा काय करायचं? मधीच मोडली तर तिला खाली न्यायला डोलीच, आनि खाली गाडीबी न्हाई."

त्यांनी सगळं सांगितलं होतं. एकेक पायरी, पुढं घडलं तशीच. मी ऐकलं नाही. तिचा नवरा माझ्याकडं बघत होता आणि मला ड्रायव्हरशी वाद घालणारी डॉक्टर दिसायचं नव्हतं.

"दांडा सोडा," मी म्हणाले.

"न्हाई, डाक्टरसाब."

"माझा हुकूम आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. लेखी मागतील असं मला वाटलं, मागितलं नाही. बाई अडली आहे आणि वेळ जातोय, एवढं त्यांनाही कळत होतं. ते नुसते गाडीत जाऊन बसले. दांडा त्यांनी सोडला नाही. मी ड्रेसिंगच्या ट्रेमधली कात्री आणली आणि पट्टी माझ्या हातानं कापली.

चढताना गाडी सुरळीत गेली. वर पोचलो, हौसाला पाहिलं. विशीची पोर, ओठ पांढरे पडलेले, नाडी वेगात, पण शुद्धीत. मला म्हणाली, "बाई, माझ्या म्हशीला आज कुनी पानी पाजलं न्हाई." तिला घोंगडीवर मागं झोपवलं, मी शेजारी बसले, नवरा पुढं नाईकांच्या शेजारी.

उतरताना पहिला कातळ लागला. नाईकांनी गाडी थांबवली आणि हातभर मागं घेतली. आतला पीळ तसा सैल होतो, हे मला ठाऊक होतं, नवऱ्याला नव्हतं. त्यांनी दांडा हिसडून काढला, कातळ ओलांडला, चिखल आला की परत टाकला. दुसऱ्या कातळावर पुन्हा तेच, या वेळी तीनदा मागंपुढं. मागं हौसा कण्हत होती.

"आवं, पुडं चला की!" नवरा ओरडला. "मागं कशापाय जातायसा? दारू पिलाय व्हय?"

नाईकांनी कातळ ओलांडून परत दांडा टाकला. तिसरा कातळ वळणावर होता. मागं दरी, सरकायला वीतभर जागा नाही. त्यांनी गाडी थांबवली, दोन्ही हातांनी दांडा ओढला. हलला नाही. खाली उतरून पुढच्या चाकाखाली चिखल, पाला घालायला लागले, म्हणजे चाक घसरून पीळ सुटेल. नवरा शिव्या देत होता. हौसा किंचाळली. तिचा रक्तस्राव वाढला होता.

"चला नाईक," मी म्हणाले. "थांबू नका. चला."

ते चढून बसले. गाडी चारपाच कदम गेली आणि खालून फांदी मोडल्यासारखा आवाज आला. बस्स. मग ती पुढंही गेली नाही आणि मागंही.

वाडीवरून माणसं बोलावून घोंगडीची डोली केली. पुढचा एक खांदा नाईकांचा होता, तो त्यांनी खालपर्यंत कुणाला बदलू दिला नाही. दोन तासांनी डांबर लागलं. डांबरावर गाडी नव्हती, कारण गाडी वर अडकली होती. आम्ही रस्त्याकडेला ट्रकची वाट बघत बसलो. ट्रक आला, पण त्याआधी दहा मिनिटं हौसा गेली. मी तिच्या मनगटावरचं बोट बराच वेळ काढलं नाही. नाईक तिच्या पायाशी उभे होते. नवऱ्यानं त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी धक्का मारला आणि म्हणाला, "हो मागं, बेवड्या."

त्यांच्या तोंडाला उभ्या जन्मात दारू लागलेली नव्हती. हे मला माहीत होतं. मी तिथंच होते, आणि मी बोलले नाही. त्या वेळी माझ्या तोंडून शब्दच फुटला नसता, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं.

चौकशी साताऱ्याला झाली. आदल्या दिवशी साहेबांनी मला बोलावून घेतलं. "प्रश्न साधे आहेत, बाई. उत्तरं साधी द्या. माधवनगरच्या बाजूची जागा महिन्याभरात रिकामी होतेय." एवढंच म्हणाले. धमकी नाही, आवाज चढला नाही. खिडकीतून त्यांची जीप दिसत होती, नाईकांनी निवडलेल्या दोन टायरांवर उभी.

परत आल्यावर मी खण उघडला. आमच्याकडं सिरिंजा उकळायचा स्टोव्ह असे. अर्ज त्यावर धरला. कागद जाड होता, जळायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर नाईक बसले होते. इस्त्रीचा शर्ट, छातीवर पदकांच्या फिती. उठून हळूच म्हणाले, "डाक्टरसाब, आपला त्यो अर्ज आनलाय न्हवं?"

"सापडत नाही, नाईक."

त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बरं." आणि परत बसले.

आत मला विचारलं, चालकानं टायरांबाबत आपल्यापुढं तोंडी वा लेखी तक्रार केली होती का? मी लिहून दिलं: निश्चित आठवत नाही. गाडी डोंगरावर नेण्याचा निर्णय कुणाचा? मी लिहिलं: परिस्थिती तातडीची होती. वळणावर गाडी पुढं हाकायला कुणी सांगितलं, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. अहवालात आलं की कातळाच्या पक्क्या जागेवरही चारचाकी जोडणी न काढता गाडी हाकली, हा चालकाचा अक्षम्य हलगर्जीपणा. ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी सगळ्या तालुक्याचं डोकं खाल्लं, नेमक्या त्या गोष्टीचं अज्ञान त्यांच्या नावावर लिहिलं गेलं. नोकरी गेली.

जाताना त्यांनी दुरुस्त होऊन आलेली जीप धुतली, हत्यारं मोजून कंपाउंडरच्या ताब्यात दिली. बायकोनं भांडीकुंडी ट्रंकेत भरली. मुलाची शाळा वर्षाच्या मध्यात सुटली. कंपाउंडर, का कोण जाणे, त्या दिवशी त्यांना 'नाईक' म्हणाला. माझ्या खोलीच्या दारातून ते म्हणाले, "येतो, बाई." डाक्टरसाब नाही. बाई.

माझी बदली वीस दिवसांत झाली. मुलगी आठवड्याभरात मला आई म्हणायला लागली. हेही खरं आहे, आणि ते मी आनंदानं भोगलं.

चारेक वर्षांनी विट्याला एका शिबिरासाठी गेले होते. कुणाच्या तरी बोलण्यात आलं की कानांवर केस असलेला एक माजी सैनिक जवळच्या गावात पिठाची गिरणी चालवतो आणि गिरणीचा पट्टा रोज फूटपट्टीनं मोजतो. दुसरं कोण असणार. दुपारी शिबिर संपल्यावर मी ड्रायव्हरला तिकडं घ्यायला सांगितलं.

गिरणी चालू होती. भुवयांवर, कानांवर पीठ. मला बघून त्यांनी मान हलवली आणि दळण सोडलं नाही. त्यांच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मुलगा कुठं आहे विचारलं. "इकडच्या पोरांगत गेला," ती म्हणाली, "तिकडं लांब, सोनं गाळायच्या दुकानात. तेजाबाच्या वाफंनं खोकतो म्हनं. कागूद येतो कवातरी." आणि आत गेली.

मी आले होते बोलायला. इंजिनाचा धडधडाट चालू होता, तीनचार बाया डबे घेऊन बसल्या होत्या. ते इंजिन बंद करतील अशी मी वाट पाहिली. त्यांनी केलं नाही. शेवटी मी ओरडूनच सांगितलं. अर्ज मी जाळला. दांड्याची पट्टी मी कापली. डोलीचं तुम्ही म्हणाला होता. वळणावर चला मी म्हणाले. तुमची काही चूक नव्हती. इंजिनाच्या वर आवाज चढवून असली वाक्यं ओरडायची म्हणजे काय, ते ज्यानं केलं असेल त्यालाच कळेल. बाया माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

दळण संपलं. त्यांनी इंजिन बंद केलं, डबा त्या बाईच्या हातात दिला आणि मग माझ्याकडं वळले.

"हे मला कशापाय सांगतायसा? मला ठावं न्हाई व्हय? मी तिथंच व्हतो की."

त्यांनी हातावरचं पीठ झटकलं.

"ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा. तिच्या नवऱ्याला सांगा. मी दोनदा गेलतो त्या वाडीवर. एकदा कुत्रं सोडलं अंगावर. दुसऱ्यांदी म्हातारीनं दगूड मारला. त्यास्नी वाटतंया, दारू पिऊन मागंपुडं करत बसलो न् पोर मारली." त्यांचा आवाज चढला नाही. "मी सांगून कोन मानतंय? तुमी डाक्टर हायसा. तुमचं मानतील. चूक माझी न्हवती, एवढंबी सांगू नका. तिला वाचवायला बगत व्हता, एवढं सांगा."

"सांगेन," मी म्हणाले.

"कवा?"

मी दाराबाहेर उभ्या गाडीकडं बघितलं.

"आज जावा. गाडी हाय बुडाखाली. दिस हाय अजून." आणि पुढच्या बाईचा डबा घेत म्हणाले, "न्हाईतर परत इकडं येऊ नगासा. मला लय काम आसतं."

इंजिन पुन्हा सुरू झालं. मी तांब्यातलं पाणी प्याले नव्हते, ते तसंच ठेवून निघाले.

विट्याच्या चौकात ड्रायव्हरनं गाडी हळू केली. तिथून एक रस्ता कराडला जातो आणि तसाच पुढं पाटणला. दुसरा तासगाववरून सांगलीला. चार वाजले होते. पाऊसपाणी नव्हतं, रस्ता कोरडा होता, अंधारायच्या आत वाडीच्या पायथ्याला पोचले असते.

"बाई, कुठं घेऊ?" त्यानं विचारलं. "कराडकडं काय काम आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "सांगलीलाच घे."